ताडोब्याला पोरं घेऊन येताय? स्विमिंग पूलचं नंतर विचारा

दिवाळी जवळ आली की आम्हा चंद्रपूरकरांचे फोन सुरू होतात. पुण्याचे मावसभाऊ, ठाण्याचे जुने शेजारी, सगळ्यांना एकच हवं असतं. "मुलं सोबत आहेत, ताडोब्यात एखादं चांगलं रिसॉर्ट सांग ना." पुढचा प्रश्नही ठरलेला: "तिथे राहिलं की वाघ नक्की दिसतो का?"

वाघ रिसॉर्टच्या नोकरीत नाही हो. ज्या लॉजच्या जाहिरातीत 'हमखास दर्शन' लिहिलंय, ते यादीतून आधी कापा. ते खोटं बोलतात हा एक मुद्दा झाला. दुसरा मुद्दा मोठा आहे. ते वचन पाळायचा दबाव शेवटी जिप्सीच्या ड्रायव्हरवर आणि गाईडवर येतो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्यात काय झालं ते आठवा. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि पुढून-मागून जिप्स्या. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवर उभं राहून "अजून पुढे घ्या" म्हणणारे घरी गेले, आणि 'हमखास' विकणाऱ्यांना कुणी काही विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्या गाड्यांमध्ये लहान मुलं असतील तर ती काय शिकून गेली असतील?

आता व्यवहाराचं बोलू. आधी सफारीचं गेट ठरवा, मग लॉज. लोक नेमकं उलटं करतात. मोहर्लीला खोली घेतात आणि सफारी मिळते कोलाऱ्याची. दोन्ही गेटं एकाच जंगलाची, पण बाहेरून वळसा घालून जायला दोन तास सहज लागतात. पहाटेच्या सफारीला सूर्य उगवायच्या आत गेटवर हजर राहायचं असतं. म्हणजे पोरांना तीन वाजता उठवणार का? नागपूरहून येणाऱ्यांना कोलारा जवळ, चंद्रपूर स्टेशनला उतरणाऱ्यांना मोहर्ली. तिथे एमटीडीसी आणि वन विकास महामंडळाची राहायची सोय आहे, गावातली छोटी ठिकाणंही आहेत. आणि मंगळवारी कोअर बंद असतो. दरवर्षी कुणीतरी सोमवारी रात्री येऊन पोहोचतंच.

एक सफारी म्हणजे उघड्या जिप्सीत जवळपास चार तास. मधेच उतरता येत नाही, कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, 'लागली' म्हटलं तर गाईड सांगेल तिथेच थांबायचं. डिसेंबरच्या पहाटे गारठ्याने कान दुखतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून लोक नेमके तेव्हाच तीन-चार वर्षांची लेकरं घेऊन येतात. वाघ दिसत असेल, पण लेकरू सलाइनवर गेलं तर? मोहर्लीहून मोठा दवाखाना म्हणजे चंद्रपूर, तीसेक किलोमीटर. कोलाऱ्याहून चिमूरचं उपजिल्हा रुग्णालय. म्हणून लॉजवाल्याला विचारा: रात्री गाडी आणि ड्रायव्हर जागेवर असतो का? याचं उत्तर 'बघू' असं आलं तर समजून जा.

लहान मुलांना माझं मत विचाराल तर दिवसाला एकच सफारी, आणि त्यातली एक बफरची. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं. वाघ तिथेही फिरतात, गर्दी कमी असते. आगरझरीला फुलपाखरांचं उद्यान आहे. इरई धरणाचं पाणी आहे, त्यावरचे पक्षी आहेत. (याच धरणाच्या पाण्यावर आमचं महाऔष्णिक वीज केंद्र चालतं, हेही पोरांना सांगा. तुमच्या घरातल्या एसीचा आणि या जंगलाचा संबंध त्यांना तिथेच कळेल.)

मग लॉज बघताना काय बघायचं? सगळ्यात आधी कुंपण आणि अंधार पडल्यावरची शिस्त. खोलीपासून जेवणघरापर्यंत पोरांना एकटं सोडणारं ठिकाण नको. बिबट्याला कोअर-बफर कळत नाही. 2022 साली दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात शाळकरी पोरंही होती. आणि तो तर चंद्रपूर शहराला लागून असलेला वस्तीचा भाग. तुम्ही तर जंगलाच्या दारात झोपणार आहात. जे लॉज आल्याआल्या "संध्याकाळनंतर मुलांचा हात सोडू नका" असं तोंडावर सांगतं ते चांगलं. आपल्या लोकांना ते उद्धट वाटतं आणि दोन स्टार कमी देतात. काय म्हणावं!

दुसरं, रात्रीचा उजेड आणि आवाज. लॉनवर लग्न, डीजे, झाडांवर हिरवे-निळे दिवे. जंगलाच्या कडेला हे आता सर्रास होतं. पोरं नाचतात, मजा येते, मान्य. पण उजेड-आवाज टाळणारं जनावर वाट बदलतं, आणि ती बदललेली वाट कुणाच्या तरी धानाच्या बांधावरून जाते. ज्याचं शेत, तो रात्री जागलीला एकटा बसलेला असतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते कुठल्या रिसॉर्टमुळे झालं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ज्या जिल्ह्यात पोटासाठी जंगलात जाणाऱ्या बाईचा जीव जातो, तिथे जंगलाशेजारी डीजे लावायला परवानगी मिळते कशी, हे आपल्या लोकप्रतिनिधींना कुणीतरी विचारायला पाहिजे. पाहुणे विचारू शकतात. पाहुण्यांचं लवकर ऐकतात, आमचं कोण ऐकतं?

आणि तिसरं, तिथे कामाला कोण आहे? स्वयंपाकघरात, रिसेप्शनवर, बागेत आजूबाजूच्या गावांतले किती? फोनवर सरळ विचारा, चांगलं लॉज अभिमानाने सांगतं. गेटवरचे गाईड बहुतेक याच गावांतले, आणि त्यात आता बायकाही आहेत. एखादी गाईडताई तुमच्या पोरीला पगमार्क ओळखायला शिकवेल, सांबराचा अलार्म कॉल ऐकवेल. तिच्या गावाला वाघाचा त्रास आहे आणि वाघामुळे पगारही आहे. तो पगार मोठ्या शहरातून आणलेल्या माणसांच्याच हातात गेला, तर गावाने वाघ का सांभाळायचा?

महाग लॉज वाईट आणि स्वस्त चांगलं, असं काही नाही. दहा हजारांच्या खोलीवालेही गावातल्या पोरांना शिकवून कामाला लावतात, आणि होमस्टेचा बोर्ड लावून मागे स्पीकर वाजवणारेही आहेत.

बुकिंगच्या आधी एक फोन करा, पाच मिनिटं लागतात. गेट कुठलं, कुंपण आहे का, रात्री गाडी आहे का, डीजे वाजतो का, गावातले किती कामाला. उत्तरं काय मिळाली ते खाली कमेंटमध्ये टाका. लॉजचं नाव नका लिहू, फक्त गेटचं लिहा. मोहर्ली आणि कोलाऱ्याची मंडळी इथे वाचतात, ती बघतील पुढचं.