ताटातलं काढू नका, वाढा

आठ-दहा महिन्यांचा कुत्रा जेवताना गुरगुरला की घरच्यांना पहिला सल्ला मिळतो तो असा : त्याच्या वाटीत हात घाला, घरात कोणाचं चालतं ते त्याला कळू द्या. शेजारी हे सांगतात, पाहुणे सांगतात, महिन्याचे पैसे घेऊन शिकवायला येणारे ट्रेनरही सांगतात. या सल्ल्याने चांगले कुत्रे चावरे होतात. गुरगुरण्यावरच थांबला असता असा कुत्रा त्यामुळे दात लावायला शिकतो, आणि मग एक दिवस त्याला गाडीत घालून लांब कुठे तरी सोडून येण्याची भाषा सुरू होते.

गेल्या पावसाळ्यात भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका मराठी घरातून मला बोलावणं आलं. शेरू दहा महिन्यांचा, तांबूस अंगाचा देशी कुत्रा. एका बांधकामावर सापडलेलं पिल्लू. ‘आणला तेव्हा ओंजळीत मावायचा हो,’ काकू सांगत होत्या. आता तो जेवताना काकांवर दात काढायचा, आणि एकदा त्यांच्या मनगटाला दात लागलेही होते. मी त्याचं जेवण मांडायला सांगितलं आणि काकांना लांब दारातच उभं केलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टीलची वाटी, तिच्यात वरणात कुस्करलेली पोळी आणि वर उकडलेलं अंडं. शेरू निवांत खात होता, शेपूट सैल होतं. काका एक पाऊल पुढे आले आणि शेपूट थांबलं. आणखी एक पाऊल, तशी तो घाईघाईने गिळू लागला आणि मान वाटीवर आडवी धरली. त्यानंतरच्या पावलाला खाणंच थांबलं. तोंड वाटीत, अंग ताठ, आणि डोळा तिरका होऊन कडेचं पांढरं दिसायला लागलं. गुरगुर अजून आलेली नव्हती. मी काकांना मागे बोलावलं.

‘सवय व्हावी म्हणून मी रोज त्याच्या वाटीत हात घालतो. अधूनमधून वाटी उचलूनही घेतो,’ काका म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरात लहान नात आहे, कुत्र्याने कोणालाही जवळ येऊ द्यावं एवढंच त्यांना हवं होतं. पण शेरूच्या बाजूने पाहिलं तर तो रोज एकच धडा गिरवत होता : काका जवळ आले की जेवण जातं.

ही भीती कुठून येते, ते आपल्याच देशातल्या संशोधनातून समजतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. २०१५ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बिस्किटांसारखं पिठाचं अन्न असलं तर आई पिल्लांना बऱ्यापैकी खाऊ देते, पण मांसासारखं कसदार अन्न पुढे आलं की ती स्वतःच्याच पिल्लांशी झगडते. अशा जगातून आलेलं पिल्लू घास राखून ठेवतं यात नवल कसलं? त्याचे पूर्वज घास राखूनच जगले. महागड्या जातीच्या कुत्र्यांतही ही खोड दिसतेच, कारण तिथेही सगळी पिल्लं पुष्कळदा एकाच परातीत तोंड घालून वाढलेली असतात. आपल्या मध्य प्रदेशात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असं मानतात. ज्याच्या वाट्याला शेवटची येते, तो ती जपणारच.

मग पिल्लूपणी ठीक असलेला कुत्रा याच वयात का बिघडतो? साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ कुत्र्याच्या वयात येण्याचा. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेली पिल्लं पाचव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं ऐकत होती, आठव्या महिन्यात त्याच माणसाचं ऐकेनाशी झाली. परक्या माणसाचं मात्र ती ऐकत होती. म्हणजे शिकलेलं विसरलेली नव्हती. हा काळ सरतो. तो सरेपर्यंत आपण काय करतो, यावर पुढची दहा-बारा वर्षं अवलंबून असतात.

वाटीत हात घालण्याच्या सल्ल्यामागे असलेल्या ‘त्याला वरचढ होऊ देऊ नका’ या म्हणण्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेन्केल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं, डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ची, म्हणजे भांडून कळपाचा म्होरक्या होणाऱ्या लांडग्याची, कल्पना जगभर नेली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून मेक यांनीच १९९९ मध्ये तिला छेद दिला : रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. जगभर नेणाऱ्यानेच ती कल्पना सोडून पाव शतक झालं, आपल्याकडे ती अजून फी घेऊन शिकवली जाते.

तिचे परिणामही मोजले गेले आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुत्रे पाळणाऱ्यांना विचारलं की वागणूक सुधारण्यासाठी तुम्ही काय केलंत आणि कुत्र्याने काय उत्तर दिलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांच्या अंगावर कुत्रा आला. ज्यांनी तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासाने तर थेट आपल्या प्रश्नालाच हात घातला. जेवताना वाटी उचलून घेतली जाते अशा घरांत गुरगुरणं जास्त आणि तीव्र आढळलं. जेवताना वाटीत चांगलंचुंगलं वाढलं जातं अशा घरांत ते कमी आढळलं.

नामदेवांची गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपण ती भक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो. घास राखणाऱ्या कुत्र्याशी कसं वागावं, याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. माणूस जवळ आला की घास जात नाही, वर तूप मिळतं, एवढं कुत्र्याच्या मनात बसलं की राखायचं कशासाठी?

प्रत्यक्षात हे असं करायचं. कुत्रा किती अंतरापर्यंत सैल अंगाने खात राहतो, ते आधी बघा. एखाद्याला चार पावलं लागतील, एखाद्याला अख्खी खोली. त्या अंतरावरून चालत जा, जाता जाता उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा वाटीच्या दिशेने टाका आणि न थांबता निघून जा. थांबायचं नाही, वाकायचं नाही, कौतुक करत उभं राहायचं नाही. टाकायची वस्तू वाटीतल्यापेक्षा सरस हवी. पोळी खाणाऱ्याला पोळीचाच तुकडा टाकून काही साधत नाही. तुम्ही दिसताच कुत्रा वाटीतून मान वर काढून ‘आज काय आणलंय’ अशा नजरेने बघायला लागला, शेपूट हलायला लागलं, की अर्धं पाऊल जवळ. अंग ताठ झालं, गिळण्याचा वेग वाढला, की तुम्ही घाई केलीत. पुन्हा मागे जा. हे काम आठवड्यांचं आहे, एखाद्या कुत्र्याला महिनेही लागतात. घरातल्या एका मोठ्या माणसाने सुरू करावं आणि नंतर दुसऱ्याने पुन्हा लांबूनच आरंभ करावा, कारण एकावरचा विश्वास कुत्रा आपोआप सगळ्यांवर टाकत नाही.

शेरूच्या घरी हे काकांनीच केलं. दिवाळीपर्यंत ते वाटीशेजारी उभे राहिले तरी तो सैल अंगाने खायचा आणि मधूनच त्यांच्या हाताकडे बघायचा. वाटी काढून घेऊन त्याची परीक्षा आम्ही घेतली नाही. कोणीच घेऊ नये. जेवणारा माणूस असो की जनावर, त्याला सुखाने जेवू द्यावं.

दरम्यान गुरगुरण्यावर रागावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. गुरगुर ही कुत्र्याने दिलेली नोटीस असते. त्यावर फटका मारला तर भीती तशीच राहते, नोटीस तेवढी बंद होते. ‘काही न करता एकदम चावला’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यातल्या अनेकांना आधी गुरगुरण्याबद्दल मार बसलेला असतो.

फिरायला नेल्यावर वेगळीच पंचाईत होते. शाहपुरा तलावाच्या काठाने सकाळी चाला, रात्रीच्या पार्ट्यांची हाडं पडलेली दिसतात. तरुण कुत्रा हाड उचलतो, मालक जबडा उघडायला धावतो आणि तिथेच बोटं फाटतात. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, म्हणून काळजी रास्त आहे. पण खिशात चांगला खाऊ ठेवा आणि मूठभर जमिनीवर, हाडापासून थोडा दूर विखरा. तो हाड सोडून टिपायला वळला की पट्टा धरून पुढे चला. ही अदलाबदल आधी घरी चेंडूवर, जुन्या मोज्यावर शिकवून ठेवा. ऐन रस्त्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

मुलांच्या बाबतीत तडजोड नाही. वर सांगितलेला सराव मुलांनी करायचा नाही, आणि कुत्र्याचं जेवण होईपर्यंत मधलं दार बंद. घरात दोन कुत्रे असतील तर जेवण दोन खोल्यांत. गुरगुरणं एकाएकी सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर : दातदुखी, कानदुखी, गोचिडतापानंतरचा अशक्तपणा, जंत, किंवा भूक भडकवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काहीही मुळाशी असू शकतं. जहांगीराबादचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना त्यासाठी आहे. नुसत्या नसबंदीने ही खोड जाईल अशी आशा धरू नका. रक्त काढणारा चावा झाला असेल, किंवा कुत्रा जेवणाशिवाय सोफा, माणूस, दार हेही राखू लागला असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा आणि जाणकार मदत घ्या. आणि चावा घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन लगेच हमीदिया किंवा जेपी रुग्णालय गाठा. मिरची नको, चुना नको, हळद नको.

आता ही जाणकार मदत आणायची कुठून, हा खरा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच भोपाळच्या मिसरोद भागात, एका प्रशिक्षण केंद्रात शिकायला ठेवलेला कुत्रा फाटकाला लटकवून मारल्याचं सीसीटीव्हीच्या चित्रणातून बाहेर आलं आणि तिघांना अटक झाली. त्या माणसांचा निवाडा न्यायालय करील. मला बोलायचं आहे ते रिकाम्या जागेबद्दल. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे आहेत. कुत्रा शिकवणाऱ्यासाठी काही नाही. पाटी लावली की झाला ट्रेनर. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. प्राण्याला ठार मारण्याबद्दल किंवा पंगू करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती प्राणी मेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावरची गोष्ट. साखळीने गळा आवळून ‘सरळ’ केलेला कुत्रा घरी परत येतो आणि आठवड्याभरात कोणाला तरी चावतो, त्याचा हिशेब कुठेच होत नाही.

जबलपूरला नानाजी देशमुखांच्या नावाने राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. त्याने श्वानवर्तनाचा एक छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा, आणि त्याशिवाय कोणाला ट्रेनरची पाटी लावता येऊ नये, अशी अट सरकारने घालावी. ते होईल तेव्हा होईल. तोवर कुत्रा शिकायला पाठवण्याआधी ट्रेनरला दोन प्रश्न विचारा : कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता, आणि तुम्ही शिकवत असताना मला समोर बसू द्याल का? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं किंवा दुसऱ्याला नकार मिळाला, तर पट्टा हातात घ्या आणि कुत्रा घरी घेऊन या.