बंदूक कुणाच्या घरात आहे, ते विचारा



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा १४ डिसेंबर जवळ आलेला असेल. इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्यांना या तारखेबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. २०१२ साली या दिवशी न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत वीस वर्षांच्या एका तरुणाने २० लहान मुलांना आणि शाळेतल्या ६ जणींना गोळ्या घालून ठार केलं. शाळेत जाण्याआधी त्याने घरी आपल्या आईला मारलं होतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

त्याला ॲस्पर्गरचं, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकाराचं, निदान झालेलं होतं, ही बातमी एकदोन दिवसांतच घरोघर पोचली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गोळीबाराचं कारण लोकांना सापडलं. ते कारण शेजारच्या घरात होतं, शाळेच्या बसमध्ये होतं, पोराच्या वर्गात मागच्या बाकावर बसत होतं. स्वमग्न मुलांच्या आईबापांना तेव्हा दुहेरी भीती होती. आपलं मूल शाळेत सुरक्षित आहे ना ही इतर सगळ्यांसारखी एक, आणि आपल्या मुलाकडे आता लोक कसे बघतील ही दुसरी. स्वमग्न व्यक्तींच्या संस्थांनी लगोलग पत्रकं काढून सांगितलं की स्वमग्नता आणि आखून केलेली हिंसा यांचा संबंध नाही. ती पत्रकं किती जणांनी वाचली असतील!

राज्याच्या बालहक्क अधिवक्ता कार्यालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये या तरुणाच्या सगळ्या आयुष्याचा माग काढणारा अहवाल प्रसिद्ध केला. स्वमग्नतेमुळे किंवा त्याच्या इतर मानसिक दुखण्यांमुळे हे हत्याकांड घडलं असं म्हणता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्धवट राहिलेले उपचार, हळूहळू सुटत गेलेली शाळा, घराच्या चार भिंतींत वाढत गेलेला एकटेपणा हे सगळं त्यात येतं. आणि येतात त्या बंदुका. त्या आईच्या होत्या, तिने कायदेशीर विकत घेतलेल्या होत्या आणि त्याच घरात त्याच्या हाताशी होत्या. हत्याकांडाच्या त्या आठवड्यात आपण सगळे निदानाबद्दल जितकं बोललो, त्याच्या निम्मंही त्या घरातल्या बंदुकांबद्दल बोललो नाही.

आता ठाण्याकडच्या एका गोळीबाराकडे वळते. आपल्या इथल्या मराठी मंडळात ठाणे, डोंबिवली, कल्याणकडची घरं पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप गटावर एक सीसीटीव्हीची चित्रफीत फिरत होती, ती अनेकांना आठवत असेल. २ फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये हा प्रकार घडला. द्वारली गावच्या जमिनीच्या वादावरून दोन्ही बाजूंची माणसं तिथे आलेली. खुर्च्या मांडलेल्या, माणसं बसलेली, आणि एकाएकी एक माणूस उठून अगदी जवळून गोळ्या झाडतो. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांच्यावर हा गोळीबार केल्याचा आरोप ठेवला गेला. शिवसेनेच्या शिंदे गटाचे कल्याणचे तेव्हाचे शहरप्रमुख महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जखमी झाले, पण दोघेही वाचले. मुलाला पोलिस ठाण्यात धक्काबुक्की झाली म्हणून आपण स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असं आमदारांनी स्वतः एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड त्याच मतदारसंघातून निवडून आल्या आणि महेश गायकवाड अपक्ष म्हणून त्यांच्या विरोधात उभे होते.

त्या घटनेनंतर कुणी निदान विचारलं नाही. कुठल्या डॉक्टरची फाइल शोधली नाही, लहानपणी हा मुलांत मिसळायचा का, नजरेला नजर द्यायचा का, असलं काही कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. जमीन, सत्ता, वर्चस्व आणि कमरेला लावलेलं हत्यार एवढ्यात सगळा उलगडा होत होता. सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तीही फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडी शर्यतीच्या वादातून भररस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून बिल्डर, नगरसेवक आणि त्यांच्यामागे फिरणारी पोरं यांच्याजवळ परवान्याची पिस्तुलं आणि गावठी कट्टे किती आले, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो बघा. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालच्या आणि 'विकृत मनाच्या' माणसाला परवाना देता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत डॉक्टरचं शारीरिक व मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे दारावरचा पहारेकरी मन तपासायला बसवलेला आहे. ते तपासूनही नेत्याच्या, बिल्डरच्या, अंगरक्षकाच्या कमरेला पिस्तूल येतंच, कारण अशा माणसांची मनं त्या प्रमाणपत्रावर ठणठणीत असतात. राग, मत्सर, जमिनीची हाव यांचा त्या फॉर्मवर रकाना नाही.

कायदा मन तपासतो, तसं लोकही तपासतात. ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य ऐकलेलं आहे. चक्रम वागणाऱ्याला, एकटं बोलणाऱ्याला, हात झटकणाऱ्याला, सगळ्यांना हे एकच वाक्य. १९०१ पासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाने शहराला ही ओळख दिली आणि ठाणेकर ती हसत मिरवत आले. ज्या आईचा मुलगा पाच वर्षांचा होऊनही बोलत नाही, तिला हे वाक्य किती ठिकाणी ऐकावं लागतं याचा विचार करा. नातेवाईक म्हणतात, मोबाइल जास्त दिलात. सोसायटीतल्या बायका म्हणतात, आईच नोकरी करते ना. कुणी म्हणतं, याचा काकाही उशिरा बोलायला लागला होता, काळजी नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे, त्याच्याही आधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, पण लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात ती अजून आलेली नाही. त्याच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांची आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याबद्दल लोकांशी मोकळेपणाने, मराठीत बोलत आली आहे, हेही इथे सांगितलंच पाहिजे. ठाण्याची ती ओळख मला अधिक खरी वाटते.

आपल्या मंडळातल्या एका सभासदांचा भाचा डोंबिवलीत पूर्वेला राहतो. पंधरा-सोळा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. फलाटावर उभा राहून जलद लोकल कुठली, धीमी कुठली, कोणती किती डब्यांची, हे तो अनाउन्समेंटच्या आधी सांगतो. गाडी येताना दिसली की दोन्ही पंजे जोरजोरात हलवतो. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची जी गर्दी लोटते ती त्याला सोसत नाही, पण टिकल्यांचं पिस्तूल मात्र त्याला अतिशय प्रिय. फुटणाऱ्या टिकलीचा आवाज आपल्याच बोटाखाली असतो, कधी येणार ते आधी माहीत असतं, म्हणून असेल. दिवाळीचे चार दिवस तो ते पिस्तूल हातात घेऊन बिल्डिंगच्या आवारात फिरतो. वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला ओळखतात. कुणी दचकत नाही.

त्याचे आईवडील गेल्या वर्षी इथे यायचा विचार करत होते, तेव्हा आपल्या सभासद असलेल्या त्याच्या मावशीने त्यांना थेरपीच्या, शाळेच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, ते पिस्तूल मात्र तिथेच ठेवून या.

तिचं बरोबर होतं. जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडात नॉर्थ मायामीला एक स्वमग्न तरुण आपल्या निवासगृहातून बाहेर पडला आणि रस्त्यात मांडी घालून बसला. हातात खेळण्यातला ट्रक होता. कुणीतरी फोन केला की एकाच्या हातात बंदूक आहे. त्याला परत न्यायला आलेला त्याचा थेरपिस्ट रस्त्यावर उताणा पडून, दोन्ही हात वर करून पोलिसांना ओरडून सांगत होता की त्याच्या हातात खेळण्यातला ट्रक आहे, बंदूक नाही. तरी गोळ्या सुटल्या आणि एक थेरपिस्टच्या पायात लागली. नेम त्याच्यावर नव्हताच, त्या तरुणावर होता, असं पुढे पोलिस संघटनेकडून सांगण्यात आलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलोला सतरा वर्षांच्या एका स्वमग्न मुलावर त्याच्याच घराच्या अंगणात कुंपणाबाहेरून पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात सुरी होती. तो बोलू शकत नव्हता, नीट चालूही शकत नव्हता. आठवड्याभराने तो गेला. ही उदाहरणं वाचताना बंदूक कुणाच्या हातात होती आणि भीती कुणाच्या मनात होती, एवढं बघा.

काही जण विचारतात, मग स्वमग्न माणसाला बंदूक मिळू द्यावी का? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नुसतं निदान आड येत नाही. न्यायालयाने किंवा तशाच अधिकाराच्या यंत्रणेने मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलेलं असेल किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेलं असेल, तर मनाई होते. मला स्वतःला कुणाच्याही घरात बंदूक असलेली रुचत नाही. तरीही निदानाच्या कागदावरून कुणाचा हक्क काढून घ्यायला माझा विरोध आहे. तो कागद शिक्षेसारखा वाटायला लागला की आईबाप मुलाला तपासायलाच नेणार नाहीत, आणि वेळेवर सुरू झालेल्या स्पीच थेरपीने जे साधलं असतं ते हातातून जाईल. एप्रिल २०२५ मध्ये स्वमग्न व्यक्तींच्या सरकारी नोंदवहीची नुसती चर्चा सुरू झाली, तर किती पालक हबकले ते आपण पाहिलं. नोंदवही होणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि ती बोलायला जड जाते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. स्वमग्न व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. विशेषतः ज्यांना चांगलं बोलता येतं, जी वर्षानुवर्षं 'सगळ्यांसारखं' वागायची धडपड करत राहतात, ती मुलंमुली आतून फार थकतात. आपण ज्यांच्याकडे "याच्यापासून जरा जपून" म्हणून बघतो, त्यांनाच घरातल्या उघड्या कपाटापासून जपायला हवं असतं.

आणि उघडी कपाटं आपल्यातही आहेत. सोन्यासाठी भारतीयांची घरं फोडली जातात, या बातम्यांनंतर आपल्यातल्या काही कुटुंबांनी बंदूक घेतली आहे. कुणी रेंजवर जातं, कुणी नुसतीच आणून ठेवली आहे. हे कुणी उघड बोलत नाही. आपण एकमेकांच्या घरी मुलं राहायला पाठवतो, तेव्हा जेवणात अंडं चालतं का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, घरात कुत्रा आहे का, सगळं विचारतो. बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का, हे विचारायला मात्र आपली जीभ रेटत नाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच राज्यात गिलफर्डला पंधरा वर्षांचा ईथन साँग मित्राच्या घरी बंदूक हाताळताना मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी लढून २०१९ मध्ये ईथनच्या नावाचा कायदा करवून घेतला. अल्पवयीन मुलाच्या हाती पडू शकेल अशी कुठलीही बंदूक, भरलेली असो वा रिकामी, कुलपात ठेवणं त्यामुळे इथे बंधनकारक झालं. मला त्या आईवडिलांबद्दल अपार आदर आहे. त्यांनी कुणाच्या डोक्यात काय चाललंय याचा शोध घेत बसण्याऐवजी कपाटाला कुलूप मागितलं.

पोलिसांशी गाठ पडते तेव्हासाठीही एक साधा उपाय आहे. गाडी चालवणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी आपल्या राज्यात २०२० पासून निळं पाकीट मिळतं. त्यात लायसन्स, गाडीची कागदपत्रं आणि इन्शुरन्स ठेवायचं. पोलिसाने थांबवलं की ते पुढे करायचं. समोरचा चालक स्वमग्न आहे, त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, तो डोळ्यांत बघणार नाही, हे बाहेरच लिहिलेलं असतं. आपल्यातल्या दोन घरांनी ते घेतलं आहे, इतरांनीही विचारून बघावं. मन फार जड झालं तर मदतीसाठी इथे ९८८ आणि भारतात टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक आपल्या मुलांच्या आणि तिकडच्या भाचरांच्या फोनमध्ये असू द्या.

मंडळाच्या कार्यकारिणीने या महिन्यात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. संक्रांतीच्या कार्यक्रमात ढोलताशा पथक आहे, म्हणून मागच्या बाजूची एक खोली शांत ठेवली जाईल. दिवे मंद असतील, कानावर लावायचे हेडफोन असतील आणि कुणीही "हा असा का बसलाय" असं विचारायला आत येणार नाही. दुसरी गोष्ट हळदीकुंकवाची. वाण म्हणून या वर्षी स्टीलच्या डब्यांच्या जोडीला बंदुकीची केबल कुलपं ठेवणार आहोत. बऱ्याच ठिकाणी पोलिस ठाण्यांतून ती मोफत मिळतात, त्यामुळे मंडळाला खर्च नाही. ज्यांना हवं त्यांनी उचलावं, नोंद होणार नाही, कुणाला नाव विचारलं जाणार नाही. टेबल दाराजवळ, चपलांच्या कोपऱ्याशेजारी असेल.