उत्तर फुटलं म्हणून गणित बदलायचं?

माझा नातू चौदा वर्षांचा आहे. सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला, की दुपारची जेवणं आटोपून घरातली माणसं कलंडली रे कलंडली, हा टॅब घेऊन माझ्या खाटेवर हजर. असाच एकदा येऊन म्हणाला, "आबा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग हे वाचा आणि यातला खलनायक कोण ते ओळखा. शेवटचा अंक मी देणार नाही."

वाचकहो, आमच्या पिढीनं कॉमिक्स वाचलीच नाहीत असं नाही. इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि मँड्रेक भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचताना मीही मार खाल्ला आहे. पण त्या काळी वेताळ आपल्या जंगलात सुखी होता आणि मँड्रेक आपल्या महालात. एकानं दुसऱ्याच्या घरी जाऊन मारामारी करायची पद्धत निदान आमच्यापर्यंत तरी पोचली नव्हती. अमेरिकेतल्या डीसी आणि मार्व्हल या दोन बड्या कंपन्यांनी मात्र तिचा मोठा व्यापार केला. तिकडे त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. सुपरमॅनचं मासिक वेगळं, बॅटमॅनचं वेगळं, फ्लॅशचं वेगळं. पण एखादं संकट असं येतं, की सगळ्यांना एका गोष्टीत उतरावं लागतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे कन्सॉर्शियमचं कर्ज. जोखीम एकाच्या खांद्यावर नाही आणि वाचकाला मात्र सगळ्यांच्या दारात जावं लागतं. डीसीनं १९८५-८६ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची कथा काढली. तिच्यात सुपरगर्ल आणि फ्लॅश यांच्यासारखी जुनीजाणती मंडळी कामी आली आणि पुढच्या संकटात कोण मरणार, कोण उलटणार, याचे अंदाज बांधणं हा वाचकांचा छंदच होऊन बसला.

नातवानं मला दिलेली गोष्ट होती डीसीचीच, १९९१ सालची 'आर्मगेडन २००१'. कल्पना झकास आहे. २०३० साली सगळ्या पृथ्वीवर मोनार्क नावाच्या चिलखतधारी हुकूमशहाचं राज्य आहे. तो म्हणे २००१ पर्यंत महानायकांपैकीच एक होता; त्या वर्षी त्यानं बाकीच्यांना ठार करून सत्ता घेतली. पण तो कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा मॅथ्यू रायडर नावाचा शास्त्रज्ञ काळातून मागे, १९९१ मध्ये येतो. येताना त्याचं शरीर पालटतं, तो 'वेव्हरायडर' होतो. आता तो एकेका नायकाला स्पर्श करून त्याचं संभाव्य भविष्य पाहणार आणि पुढे बिघडणारा माणूस शोधून काढणार. सुरुवातीला एक अंक, शेवटी एक अंक आणि मध्ये निरनिराळ्या नायकांचे डझनभर वार्षिकांक. आपल्याकडे पत्रिका पाहणारा जोशीबुवा असतो ना, तसा हा वेव्हरायडर घरोघर फिरतो.

दोन दुपारी मी ते वाचत पडलो. तिसऱ्या दिवशी नातवाला विचारलं, "या सगळ्यांपैकी कोणाचं स्वतःचं मासिक तेव्हा बंद पडायला आलं होतं?"

तो चमकला. "कॅप्टन अ‍ॅटमचं."

"मग तोच."

तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला याहून अधिक काय लागतं? सुपरमॅन आणि बॅटमॅन ही चालू खाती. त्यांच्यावर रोजची उलाढाल. ती कुठला शहाणा व्यवस्थापक बंद करेल? खलनायक असा हवा, की ज्याचं खातं बंद केलं तरी ताळेबंदाला धक्का लागणार नाही, पण वाचकाला मात्र धक्का बसेल. शिवाय कॅप्टन अ‍ॅटम त्या भूमिकेत बसतही होता. तो मुळातला हवाई दलाचा अधिकारी; १९६८ साली देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली अडकवलेला आणि एका अणुप्रयोगात वीस-एक वर्षं पुढे फेकला गेलेला. बायको, मुलं, नाव, सगळं मागे राहिलं. अशा माणसाच्या मनात एक दिवस काय उगवेल याचा नेम नाही. अंगात अणुबॉम्बची ताकद, वर शिस्तीची सवय. हुकूमशहाला आणखी काय हवं?

"आबा, बरोबर!" नातू टाळी देत म्हणाला. मग टाळीचा हात तसाच धरून म्हणाला, "आणि चूक."

घडलं ते असं. मूळ बेत कॅप्टन अ‍ॅटमचाच होता. पण शेवटचा अंक निघण्याआधी ही बातमी बाहेर फुटली आणि चाहत्यांमध्ये षट्कर्णी झाली. झालं, संपादक मंडळी घाबरली. एवढा बारा महिने तेरा काळ गाजवायचा प्रसंग, आणि उत्तर आधीच ठाऊक? त्यांनी ऐन वेळी खलनायक बदलला. हॉक आणि डव्ह म्हणजे ससाणा आणि कबूतर, अशी एक जोडी होती. एक तापट, दुसरी शांत. त्यांचं मासिकही त्याच वर्षी बंद झालं, तेव्हा ते खातंही मोकळं होतं. शेवटच्या अंकात मोनार्क हॉकच्या डोळ्यांदेखत डव्हला मारतो, हॉक पिसाळून मोनार्कचा जीव घेतो, मुखवटा काढतो, तर आत त्याचाच म्हातारा चेहरा! मग तेच चिलखत तो स्वतः अंगावर चढवतो.

आता एकटा प्रसंग म्हणून पाहिलं तर तो वाईट नाही. मीही क्षणभर दचकलो. पण मागची पानं उलटली आणि सगळं ठिसूळ लागलं. तारेचे खांब एका गावाकडे रोवायचे आणि वीज भलत्याच गावाला दिली म्हणून सांगायचं, तसला प्रकार. चाहत्यांनी तेव्हाच याबद्दल बोटं मोडली, आणि अजूनही मोडतात असं नातू सांगतो. तो स्वतः १९९१ मध्ये जन्मायला बराच अवकाश असूनही रागावलेला आहे!

संपादकांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. ज्या रहस्यासाठी वाचकाला डझनभर वार्षिकांक विकत घ्यायला लावले, ते रहस्यच राहिलं नाही तर शेवटचा अंक कोण घेणार, ही भीती खोटी नव्हती. दुकान चालवणाऱ्याला असली भीती बाळगावी लागते. माझा आक्षेप वेगळा आहे. फुटणं आणि ओळखणं या दोन गोष्टी त्यांनी एका मापानं मोजल्या. कचेरीतल्या कोणी चहा पिता पिता सांगून टाकलं, तर ते फुटणं. वाचकानं पानापानावरच्या खुणा जोडत उत्तर काढलं, तर ती त्याची कमाई. परीक्षेचा पेपर फुटला तर नवा काढतात, ते ठीकच. पण मुलांनी अर्धा पेपर सोडवून झाल्यावर जुन्याच प्रश्नांची उत्तरं बदलायची? बातमी ऐकलेल्यांना चकवायला म्हणून हा उद्योग केला. त्यात बळी गेला तो बिचारा काही न ऐकता, इमानानं वाचत आलेला वाचक.

याची दुसरी बाजूही त्याच कंपनीनं तीन वर्षं आधी करून पाहिली होती. १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे त्या वेळचा जेसन टॉड, एका स्फोटात सापडतो. तो जगावा की मरावा हे वाचकांनीच फोन करून ठरवायचं होतं. दोन क्रमांक, छत्तीस तास, एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. आमच्याकडे दिवसअखेर बहात्तर रुपयांचा फरक निघाला तर शाखेतून कोणी घरी जात नसे! पुढे २००५ साली लेखकांनी जेसनला जिवंत परत आणला, तेव्हा ती बहात्तर मतं कुठल्या खात्यात जमा झाली कोण जाणे.

मला वाटतं, या दोन्ही वेळी वाचकाला ओळखण्यात चूक झाली. अंदाज बांधणाऱ्या वाचकाला गोष्ट आपल्या मनाप्रमाणे हवी असते असं नाही, आणि त्याला फसवलेलं आवडतं असंही नाही. आपण वाचलं ते नीट वाचलं का, एवढंच त्याला ताडून पाहायचं असतं. मार्व्हलच्या स्टॅन ली यांना हे बरोबर उमगलं होतं. अंकातली चूक दाखवून वर तिचा पटेल असा खुलासा करणाऱ्या वाचकाला ते 'नो-प्राइझ' पाठवत. नावाप्रमाणे रिकामं पाकीट! आत काही नाही, फक्त पाकिटावर अभिनंदन छापलेलं. लोक ते जपून ठेवत.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं नातवाला सांगत होतो. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे आबा, तुम्ही असं कधीच नसतं केलं."

इथे माझी बोलती बंद झाली.

कारण मी केलं आहे. नव्वदच्या दशकात माझी एक कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. एका तालुक्याच्या शाखेतल्या तिजोरीतून रोकड जाते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे, त्यामुळे संशय त्या दोघांवर. खरा चोर शाखेतला सगळ्यांत गरीब स्वभावाचा माणूस, दप्तरी. नववा भाग छापून आला आणि सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पोस्टकार्ड आलं. चार ओळी. चोर दप्तरी आहे, कारण दुसऱ्या भागात रेकॉर्डरूममधला दिवा त्यानं मालवला नाही आणि तिसऱ्या भागात तो आपोआप मालवलेला आहे.

खूण मीच पेरली होती. कोणाला दिसू नये अशी पेरली होती आणि मनातून कोणाला तरी दिसावी अशीही. दिसली तेव्हा मात्र आनंद व्हायच्या ऐवजी माझा अहंकार दुखावला. एका बाईला कळलं, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला कळलं असं धरून मी रातोरात शेवट बदलला. चोर निघाला तपासणीला आलेला बाहेरचा अधिकारी. संपादक खूश झाले, म्हणाले, "कोणाच्या बापाला कळलं नसतं." ते खरंच होतं. कळायला काही ठेवलंच नव्हतं.

शेवटचा भाग आल्यावर बाईंचं दुसरं कार्ड आलं. त्यात एकच प्रश्न होता: मग त्या दिव्याचं काय?

मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? पुस्तक निघालं तेही त्याच शेवटासह. बरं खपलं. पण त्याच्याविषयी कोणी चांगलं बोललं, की मला तो दिवा आठवे आणि मी विषय बदले.

'आर्मगेडन'ची हकीकत नातवानं नंतर पुरी केली. हॉकला १९९४ च्या 'झीरो अवर'मध्ये वेगळं नाव देऊन पुन्हा खलनायक म्हणून वापरला. आणि २००७ साली 'काउंटडाउन' नावाच्या मालिकेत मोनार्कचं चिलखत घालून कोण आला असेल? कॅप्टन अ‍ॅटम. सोळा वर्षांनी खतावणीतली नोंद पुन्हा मूळ खात्यावर आली. चिडचिडा नातू म्हणतो की त्याला उशीर झाला, आता त्याचा काय उपयोग. मला त्याचं पटत नाही. उशिरा का होईना, कुणाला तरी ती चूक सलत असणार.

माझ्या त्या पुस्तकाच्या प्रती संपून बरीच वर्षं झाली. प्रकाशक नव्या आवृत्तीविषयी विचारत होते आणि मी टाळत होतो. त्या सुट्टीत मी माळ्यावरून साप्ताहिकाची कात्रणं काढली, धूळ झटकली आणि पहिले नऊ भाग नातवाला दिले. पिवळ्या कागदावरचं मराठी वाचताना तो मधूनमधून अडत होता. 'दप्तरी' म्हणजे काय, असं एकदा विचारून गेला. संध्याकाळी कात्रणं परत घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

"दहावा भाग कुठाय?"

मी म्हटलं, "लिहून व्हायचाय."

"पण चोर दप्तरीच ना? तो दिवा..."

"शेवटचा भाग मी तुला देणार नाही," मी म्हणालो आणि चष्मा शोधायला उठलो.