थरथरणारी सुई आणि घरचा उपाय

ध्वनिमुद्रिकांचा काळ संपला असें ज्यांनीं ठरविलें होतें, त्यांस आपला निर्णय फिरवावा लागला आहे. आजोबांच्या ट्रंकेंतल्या तबकड्या बाहेर निघाल्या आहेत, नव्याही छापल्या जात आहेत, आणि आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं त्या वाजविण्याचीं यंत्रें आलीं आहेत. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु यंत्रापाठोपाठ तक्रारही येते. कोणी खोलींत चाललें कीं सुई उडी मारते. आवाज मोठा केला कीं लाउडस्पीकरमधून घूं असा हुंकार उठतो. मग दुकानदार रबराचे पाय, जाड कांचेचें मेज अशा महाग वस्तु दाखवितो व पालक खिशांत हात घालतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो हात तूर्त खिशांतच असूं द्यावा आणि हें काम आठवी-नववींतल्या आपल्या मुलामुलींकडे सोंपवावें.

तबकडीवरील खांच सुमारें केसाच्या जाडीइतकीच रुंद असते, आणि जिच्यांतून गाणें उमटतें तीं तिच्या कडांवरील वळणें त्याहूनही कितीतरी सूक्ष्म असतात. सुई तीं वळणें वाचते. पण वळण कोणतें आणि धक्का कोणता, हें तिला ओळखतां येत नाहीं. दाराची आपट, मिक्सरची घरघर, पावलांचा ठोका, सगळें तिला गाण्यासारखेंच. लाउडस्पीकर त्याच मेजावर असेल तर त्याचा हादरा सुईस पोहोंचतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवितो, वाढलेला हादरा पुन्हा सुईकडे येतो, आणि या फेऱ्यांतून तो हुंकार जन्मास येतो. म्हणून पहिला उपाय अगदीं फुकटचा आहे: लाउडस्पीकर त्या मेजावरून उचलून दुसरीकडे ठेवावा.

एका वाईट उपायाचा मात्र येथें निषेध केलाच पाहिजे. सुई उडूं नये म्हणून तिच्या डोक्यावर नाणें ठेवण्याची खोड कित्येकांस असते. आजच्या बऱ्याच सुया दोन ग्रॅमांच्या आसपासच्या दाबावर चालतात. रुपयाचें नाणें तीन ग्रॅमांहून अधिक भरतें. म्हणजे दाब दुपटीच्याही पलीकडे गेला. सुई उडत नाहीं, पण खांच खरवडली जाते, आणि आजोबांची तबकडी पुन्हा छापून मिळत नसते.

खऱ्या उपायाचें साहित्य घरांतच सांपडतें. ओटा बांधतांना उरलेला कडप्प्याचा तुकडा, सायकलची जुनी ट्यूब आणि दोन फळ्या. ट्यूबेंत जेमतेम हवा भरून ती दोन फळ्यांमध्यें ठेवावी, वर कडप्पा, त्यावर यंत्र. वरती जड वस्तु आणि खालीं मऊ आधार, एवढेंच यांतलें तत्त्व. कोणी उथळ पेटींत वाळू भरून तिच्यावर फळी ठेवितात. हादऱ्याचा जोर वाळूच्या कणांच्या घर्षणांत जिरतो. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत वाळूवर घर बांधणारा मनुष्य मूर्ख ठरला. त्यास तबकड्या वाजवावयाच्या असत्या तर त्याची थोडीबहुत बाजू घेतां आली असती.

परंतु "मऊ तें चांगलें" एवढ्यावर जो थांबला त्याची फसगत ठरलेली. वजनाखालीं दबलेल्या प्रत्येक आधारास स्वतःचा एक झोका असतो, आणि तो फूटपट्टीनें काढतां येतो. स्प्रिंग वजनानें 1 मिलिमीटर दबली तर वरची वस्तु सेकंदास सुमारें 16 झोके खाते. 1 सेंटिमीटर दबली तर 5. 4 सेंटिमीटर दबली तर अवघे अडीच. (रबराचा झोका या हिशेबाहून कांहींसा जलद येतो, हवेच्या ट्यूबेस हा हिशेब लागूच पडत नाहीं, तेथें झोके मोजावेच लागतात.) आपल्या झोक्याच्या सुमारें दीडपटीहून जलद असे हादरेच आधार अडवितो. झोक्याशीं जुळणारा हादरा आला तर तो उलट वाढवितो! आतां सुई ज्या दांड्यावर असते त्याचाही झोका असतो, व तो सेकंदास साधारण 8 ते 12 असावा अशीच रचना करितात. अडीच मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगचा झोका येतो 10. असा आधार दिल्यास सुई पूर्वींहून अधिक उडेल, आणि दोष मात्र तबकडीस लागेल. अनुनादाची व्याख्या आमचे विद्यार्थी परीक्षेंत बिनचूक लिहितात. तो हातास कसा लागतो हें त्यांतल्या फारच थोड्यांस ठाऊक असतें.

अमेरिकेंतील एडगर व्हिलचर यांनीं 1961 मध्यें काढलेल्या यंत्रांत फिरती थाळी आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसविला व ती चौकट स्प्रिंगांवर तोलली. हादरा आलाच तर दोन्ही बरोबर हलावीं, ही त्यांतली खुबी. तरीही जुन्या वाड्यांतल्या लांकडी जमिनीवर फार मऊ आधार होडीसारखा डुलूं लागतो, कारण माणसाचीं पावलेंही सेकंदास सुमारें दोनच पडतात. तेथें भक्कम भिंतींत ठोकलेली फळी बरी.

हा पोरखेळ आहे असें वाटणाऱ्या पालकांनीं आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे पाहावें. तेथें औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें 2023 मध्यें मंजुरी दिली. अमेरिकेंतील अशा वेधशाळांनीं 14 सप्टेंबर 2015 रोजीं पहिली लहर टिपली. तेथील 40 किलोग्रॅमांचे आरसे एकाखालीं एक अशा चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले आहेत, जमिनीची थरथर त्यांस लागूं नये म्हणून. कडप्पा आणि ट्यूब यांचींच हीं थोरलीं भावंडें.

ज्या यंत्रांत सुई नाहीं, तबकडी नाहीं, जुन्या तऱ्हेचे कांचेचे व्हॉल्व्हही नाहींत, त्याखालीं महागडे पाय लावणें हा आमच्या मतें निव्वळ भाबडेपणा आहे. लाउडस्पीकरखालीं रबर ठेविल्यानें शेजाऱ्याच्या छतांत उतरणारा हादरा थोडा घटेल. हवेंतून जाणारा आवाज रबरास जुमानीत नाहीं, त्यास कळ फिरविणें हाच उपाय.

शेवटीं परीक्षेचें. स्वतः केलेल्या वस्तूवर आपलें प्रेम जडतें व कान त्या प्रेमाचे चाकर होतात. म्हणून आईस पाठ फिरवून बसवावें. भावानें न सांगतां आधार कधीं ठेवावा, कधीं काढावा, आणि तेंच गाणें दहा वेळां लावावें. प्रत्येक वेळीं आईनें ओळखावें व बहिणीनें वहींत टिपावें. दहांपैकीं पांच-सहाच उत्तरें बरोबर आलीं तर कडप्पा खुशाल ओट्याखालीं परत जाऊं द्यावा. नऊ-दहा आलीं तर आधार ठेवावा, आणि ती वही विज्ञानाच्या तासाला घेऊन यावी.