शॉर्टस्टॉपची तयारी आणि घाईचे गणित

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये गुणी युवा खेळाडूंची वानवा कधीच नसते. मात्र खेळाडू शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणारा असेल आणि त्याने वयाची विशीही गाठलेली नसेल, तर त्याच्याविषयीच्या चर्चेला वेगळीच धार येते. २०२५ च्या मोसमात कॉनर ग्रिफिन या एकोणीस वर्षांच्या खेळाडूमुळे ही चर्चा पुन्हा ऐरणीवर आली. पिट्सबर्ग पायरेट्सने २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर त्याची निवड केली होती. व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच मोसमात त्याने मायनर लीगमधील ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना या तीन पायऱ्या चढून १२२ सामन्यांत ०.३३३ ची सरासरी, २१ होमरन आणि ६५ चोरलेले बेस अशी कामगिरी केली. ‘बेसबॉल अमेरिका’ने त्याला मायनर लीगमधील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरविले. साहजिकच त्याला मेजर लीगमध्ये कधी आणावे, हा प्रश्न मोसम संपण्यापूर्वीच विचारला जाऊ लागला.

पायरेट्स हे नाव भारतीय वाचकांना अगदीच अपरिचित नाही. दूरचित्रवाणीवरील शोधस्पर्धेतून पुढे आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये याच संघाने पिचर म्हणून करारबद्ध केले होते. संघाची मैदानावरील अवस्था मात्र फारशी अभिमानास्पद नाही. १९७९ नंतर वर्ल्ड सीरिजचे विजेतेपद नाही आणि २०१५ नंतर २०२५ पर्यंत एकदाही बाद फेरी नाही. २०२५ मध्ये पॉल स्कीन्सने नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला, तरी संघाने १६२ पैकी ९१ सामने गमावले. कारण धावाच निघत नव्हत्या. अशा संघाच्या हाती असा फलंदाज लागल्यावर घाईचा मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु शॉर्टस्टॉपची पारख केवळ बॅटवरून होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभा राहणारा हा क्षेत्ररक्षक संरक्षणाचा कणा मानला जातो. उजव्या हाताच्या फलंदाजांचे जमिनीवरून जाणारे बहुतेक जोरकस फटके त्याच्याच दिशेने येतात. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. फलंदाज ते साधारण सव्वाचार सेकंदांत पार करतो. तेवढ्या वेळात चेंडूपर्यंत पोहोचणे, तो उचलून ग्लोव्हमधून हातात घेणे आणि कधी कधी १२० फुटांहून अधिक अंतरावरील पहिल्या बेसकडे अचूक फेकणे, एवढे सारे त्याला करायचे असते. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन इनफिल्डर ठेवणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे फलंदाजाची सवय पाहून तिघांना एकाच बाजूला उभे करण्याची सोय संपली आणि शॉर्टस्टॉपच्या पल्ल्याचे महत्त्व वाढले.

क्रिकेटमध्ये या जागेचे नाते यष्टिरक्षकाशी जुळते. दोघांचेही पहिले काम हाताचे, बॅट त्यानंतरची. पार्थिव पटेलने २००२ मध्ये सतराव्या वर्षी नॉटिंगहॅमला कसोटी पदार्पण केले. त्याच्या फलंदाजीतील जिद्दीचे कौतुक झाले. पण यष्टीमागील चुका वाढल्यावर २००४ मध्ये त्याला जागा गमवावी लागली. बॅट आणि हात एकाच वेगाने परिपक्व होत नाहीत, हा अनुभव दोन्ही खेळांना सारखाच आहे.

मग क्षेत्ररक्षण तयार आहे, हे ओळखायचे कसे? पूर्वापार मापदंड म्हणजे ‘एरर’, अर्थात नोंदविलेल्या चुका. हा मापदंड किती फसवा आहे, हे ज्या ग्रीन्सबरोत ग्रिफिन खेळला त्याच गावाने पाहिले आहे. १९९३ मध्ये तेथे यँकीजच्या एका तरुण शॉर्टस्टॉपने १२६ सामन्यांत तब्बल ५६ चुका केल्या. त्याला दुसऱ्या जागेवर हलवावे, अशी चर्चाही झाली. संघाने तसे केले नाही. ब्रायन बटरफिल्ड या प्रशिक्षकाकडून त्याच्या हातांवर आणि पावलांवर मेहनत करवून घेतली. तो खेळाडू डेरेक जीटर. १९९६ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे त्याने पाच गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळविले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. पुढे जीटरच्या चुका कमी झाल्या. परंतु पल्ला मोजणाऱ्या नव्या सांख्यिकी पद्धतींनी त्याचे क्षेत्ररक्षण सामान्याहून खालचे ठरविले. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचतच नाही, त्यावर त्याची चूक नोंदली जात नाही. याउलट सिनसिनाटीच्या एली दे ला क्रूझने २०२४ मध्ये २९ चुका केल्या. मेजर लीगमध्ये त्या सर्वाधिक होत्या. तरीही पल्ल्याच्या मोजमापात तो आघाडीच्या शॉर्टस्टॉपमध्ये गणला गेला.

ग्रिफिनच्या बाबतीत शंका होती ती शरीरयष्टीमुळे. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास. शाळेत तो पिचिंगही करीत असल्याने हातातील ताकद वादातीत. पण एवढ्या उंच खेळाडूला खाली वाकून चटकन चेंडू उचलणे साधेल का, की सेंटर फिल्ड हीच त्याची खरी जागा, असा प्रश्न ड्राफ्टच्या वेळी होता. पायरेट्सला या प्रश्नाचा ताजा अनुभव आहे. सहा फूट सात इंच उंचीच्या ओनील क्रूझला त्यांनी बराच काळ शॉर्टस्टॉपला खेळविले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सेंटर फिल्डला हलविले. मात्र सहा फूट चार इंच उंचीच्या कॅल रिपकनने याच जागेवर कारकीर्द गाजविली, हेही विसरता येत नाही. उंची हा निकाल नव्हे. पहिले पाऊल किती लवकर पडते आणि फेकताना पाय स्थिर असतात का, हे अधिक महत्त्वाचे.

घाईची किंमत बॉल्टिमोरने पाहिली आहे. जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू. २०२३ मध्ये तो एकाच मोसमात मायनर लीगच्या चार पायऱ्या चढला. एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आल्यावर पहिल्या दहा सामन्यांत ३४ पैकी केवळ दोन वेळा यशस्वी फटका मारू शकला आणि त्याच महिन्यात परत पाठविला गेला. मूळचा शॉर्टस्टॉप असूनही त्याला तेथे दुसऱ्या बेसवर उभे राहावे लागले होते. कॅन्सस सिटीच्या बॉबी विट ज्युनियरची गोष्ट वेगळी. २०२२ मधील त्याचे क्षेत्ररक्षण मोजमापांत अतिशय खालचे होते. संघाने त्याची जागा कायम ठेवली आणि २०२४ मध्ये तो गोल्ड ग्लोव्हचा मानकरी ठरला.

या साऱ्या चर्चेत पैशाचे गणितही दडलेले असते. मेजर लीगमध्ये सहा पूर्ण वर्षे झाल्यावर खेळाडू मुक्त होतो आणि पूर्ण वर्ष १७२ दिवसांचे धरले जाते. मोसमाच्या आरंभी काही दिवस त्याला खाली ठेवले, की संघाला आणखी एक वर्ष मिळते. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत थांबविले, तेव्हा सांगितलेले कारण होते क्षेत्ररक्षणातील सुधारणेचे. त्याविरुद्धची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२२ च्या सामूहिक करारात, अव्वल युवा खेळाडूला पूर्ण वर्ष खेळविणाऱ्या आणि त्याला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाल्यास त्याच्या संघाला जादा ड्राफ्ट निवड देण्याची तरतूद झाली. त्यामुळे टाळाटाळीचा मोह कमी झाला. पण संपला नाही.

म्हणूनच ‘क्षेत्ररक्षण अजून कच्चे आहे’ हे विधान तपासून घ्यावे लागते. ते खरे कारण असू शकते आणि सोयीची सबबही. नेमके काय कच्चे आहे हे संघ सांगत असेल, त्यासाठी प्रशिक्षक नेमत असेल आणि खेळाडूला त्याच जागेवर सातत्याने उभे करीत असेल, तर त्या विधानावर विश्वास ठेवण्यास जागा आहे. यापैकी काहीच होत नसेल, तर कारण मैदानाबाहेर शोधावे लागेल. हीच कसोटी खेळाडू वर आल्यानंतरही लागू होते. जीटर आणि विट यांना पहिल्या वाईट काळात जागेवरून हलविले असते, तर त्यांच्यातील शॉर्टस्टॉप कोणाला दिसलाच नसता. ग्रिफिनची बॅट कितीही बोलकी असली, तरी त्याच्या हातांना तेवढीच मुदत देण्याची जबाबदारी पायरेट्सची आहे.