वरून पाहणाऱ्याचाही हिशेब हवा

महानगरपालिकेचा कारभार आजवर जमिनीवरून चालत आला. मोजणीदाराची साखळी, मुकादमाची हजेरीवही, बांधकाम निरीक्षकाची फेरी आणि करसंकलन खात्याची नोटीस ही त्या कारभाराची ओळखीची साधने. यांतील कोणतेही साधन नागरिकाच्या दारात आल्यावाचून राहत नसे, आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ‘आपण कोण, कोणाच्या हुकुमाने आलात?’ असे विचारण्याची सोय घरमालकाला होती तशीच ती भाडेकरूलाही होती. आता पालिकेचा माणूस दारात न येता गच्चीवरून जाऊ लागला आहे. तो माणूसही नव्हे. चार पंखांचे, कॅमेरा बांधलेले एक यंत्र आहे. त्याला काही विचारावे तर ते ऐकत नाही आणि ऐकलेच तरी उत्तर देत नाही. ड्रोनांचा ताफा बाळगणाऱ्या नगरशासनाने नागरिकांच्या या हिरावल्या गेलेल्या प्रश्नाची भरपाई कशी करावयाची, हा आमच्या मते आजच्या नागरी राजकारणातला एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पूर आलेल्या नाल्याच्या काठी माणूस पाठवण्याऐवजी यंत्र पाठवता येत असेल, तर ते पाठवलेच पाहिजे. पुलाच्या कमानीखालची भेग, जुन्या इमारतीच्या सज्जाला गेलेला तडा, कचरा डेपोत धुमसणारी आग, टेकडी पोखरून चोरून चाललेले उत्खनन या गोष्टी वरून जितक्या लवकर आणि जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या खालून दिसत नाहीत. ज्या पाहणीसाठी पूर्वी पहाड बांधून माणसे लोंबकळत ठेवावी लागत, ती पाहणी अर्ध्या तासात होत असेल, तर तिला नाके मुरडणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु ताफा सांभाळणे म्हणजे केवळ ड्रोन उडवणे नव्हे. यंत्राची बॅटरी साधारण अर्ध्या तासात उतरते. म्हणून प्रत्येक उड्डाणाचा मार्ग आधी आखावा लागतो. नकाशा तयार करावयाचा असेल, तर लागोपाठची छायाचित्रे एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढतील अशा बेताने घ्यावी लागतात. तेव्हाच संगणक ती सांधून एकसंध चित्र करतो. पाणीखात्याने सोमवारी आणि मलनिःसारण खात्याने मंगळवारी त्याच वस्तीवर वेगवेगळी उड्डाणे करू नयेत, यासाठी सर्व खात्यांच्या मागण्या एका ठिकाणी आणाव्या लागतात. कोणते यंत्र कोणत्या चालकाच्या हाती आहे, त्याचा परवाना केव्हा संपतो, बॅटरी किती वेळा भरली गेली, यांची नोंद ठेवावी लागते. हे सर्व आज भौगोलिक माहितीच्या प्रणालीवर, म्हणजे जीआयएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय नकाशावर चालते. त्या नकाशाचे थर असतात. एका थरात रस्ते, दुसऱ्यात जलवाहिन्या, तिसऱ्यात मिळकती, चौथ्यात विकास आराखड्यातील आरक्षणे; आणि त्या सर्वांवर उड्डाणास बंदी असलेल्या हद्दींचा थर. ही बंदी-हद्द यंत्रातही भरता येते. मग ते अदृश्य कुंपण ओलांडण्यास यंत्रच नकार देते.

येथेच आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. हे यंत्र शहराची नोंद घेते खरे, पण त्याच वेळी ते स्वतःचीही नोंद ठेवत असते. ते केव्हा उडाले, कोणत्या मार्गाने गेले, किती उंचीवर होते आणि कोणाच्या घरावर किती वेळ घिरट्या घालत राहिले, याचा क्षणाक्षणाचा माग नकाशावर उमटवता येतो. मुकादमाच्या वहीत जी खाडाखोड होऊ शके, तिला येथे फारसा वाव नाही. म्हणजे नागरिकाला हिशेब देण्यासाठी पालिकेने नवा कारकून नेमावयाला नको, नवे खाते उघडावयाला नको. वही लिहून तयार आहे. ती उघडावयाची की कुलपात ठेवावयाची, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, चुला व्हिस्टा नावाचे शहर आहे. तेथील पोलिसांनी ऑक्टोबर २०१८पासून एक नवी पद्धत सुरू केली. मदतीसाठी दूरध्वनी आला की पोलिसांची मोटार पोहोचण्याच्या आधी इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडावयाचा आणि घटनास्थळ वरून पाहावयाचे. त्या देशात हा उपक्रम आद्य मानला जातो. आणि श्रेय द्यावयाचे तेथे दिलेच पाहिजे: या पोलिसांनी आपल्या उड्डाणांचे मार्ग नकाशासह लोकांसाठी प्रसिद्ध केले. त्या उघड्या वहीचा परिणाम काय झाला? ‘वायर्ड’ या नियतकालिकाने जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील सुमारे दहा हजार उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. शहराच्या पश्चिम भागातील कष्टकरी व स्थलांतरितांच्या वस्त्यांवर ही यंत्रे पूर्वेकडील सुखवस्तू वस्त्यांपेक्षा अधिक वेळ फिरत होती, असे २०२४ साली त्याने दाखवून दिले. सुमारे दहांतील एका उड्डाणामागे कारणाची नोंदच नव्हती. पोलिसांचे यावर म्हणणे असे की, मदतीची हाक जिकडून येते तिकडेच ड्रोन जातो. हे उत्तर बरोबर की चूक, हा वाद तेथील नागरिक घालतील. आम्हास महत्त्वाचे वाटते ते इतकेच की वही उघडी होती, म्हणून वाद घालता आला. वही बंद असती, तर उरली असती ती एकीकडे कुजबूज आणि दुसरीकडे खुलासा.

त्याच शहराने दुसरे दारही उघडे ठेवले होते काय? नाही. ‘ला प्रेन्सा सॅन डिएगो’ या वृत्तपत्राच्या प्रकाशकाने मार्च २०२१ या एका महिन्याची ड्रोन-चित्रफीत मागितली, तेव्हा ती सर्वच्या सर्व तपासाची गुप्त कागदपत्रे आहेत, असे सांगून मागणी फेटाळण्यात आली. खालच्या न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. परंतु २७ डिसेंबर २०२३ रोजी राज्याच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. प्रत्यक्ष गुन्ह्याच्या तपासातील चित्रीकरण गुप्त राहू शकते आणि गुन्हा झाला आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी केलेले चित्रीकरणही राहू शकते. पण वस्तीत शिरलेले रानटी श्वापद, फुटलेली जलवाहिनी किंवा महामार्गावर बंद पडलेली मोटार पाहावयास गेलेल्या यंत्राची फीत सरसकट गुप्त म्हणता येणार नाही, असा विवेक न्यायालयाने केला. ‘सुरक्षिततेसाठी’ हा एक शब्द उच्चारून सर्व कपाटांना एकच कुलूप घालणाऱ्यांनी हा विवेक शिकण्यासारखा आहे.

आता आपल्या घरी यावे. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१पासून ड्रोन नियम लागू आहेत. अत्यल्प वजनाच्या आणि काही सवलतप्राप्त यंत्रांखेरीज चालकाला प्रमाणपत्र लागते. यंत्राला ओळख क्रमांक लागतो. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे विभाग पाडलेले आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर जावयाचे, तर परवानगी हवी. मुंबईसारख्या, पोटातच विमानतळ वसलेल्या शहराला हे निर्बंध किती ठिकाणी आडवे येतात, हे सांगावयास नको. परंतु हे सारे नियम मुख्यतः विमानांच्या सुरक्षिततेचे आहेत. यंत्र कोठे उडावे, हे ते सांगतात. त्याने काय पाहावे, पाहिलेले किती दिवस ठेवावे आणि कोणास दाखवावे, याची पुरेशी तजवीज त्यांत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी निःसंदिग्ध सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ साली झाला. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. कुंपणानेच शेत खाण्याची मुभा कुंपण घालतानाच राखून ठेवावी, तसा हा प्रकार झाला.

दरम्यान काम थांबलेले नाही. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने ‘नक्शा’ हा कार्यक्रम सुरू केला. १५२ लहान शहरांची हवाई मोजणी करून तेथील मिळकतींच्या नोंदी नव्याने सिद्ध करावयाच्या, असा त्याचा हेतू आहे. सरळ खाली पाहणारे कॅमेरे, तिरके पाहणारे कॅमेरे आणि लेसर किरणांनी उंची मोजणारे उपकरण ही त्याची आयुधे. मिळकतीची नोंद म्हणजे कर, कर्ज, वारसा आणि वाद या चौघांचेही मूळ. तेव्हा हे नकाशे काही भिंतीवर टांगण्याच्या शोभेच्या वस्तू नव्हेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वरून छप्पर दिसते. हक्क दिसत नाही. पावसाच्या मुलखात पागोळ्या भिंतीच्या पुढे आलेल्या असतात, म्हणून छपराची कड ही भिंतीची कड नव्हे. एकाच पत्र्याखाली तीन चुली असू शकतात आणि तीन पत्र्यांखाली एकच कुटुंब. हे वरच्या कॅमेऱ्याला कसे कळावे? केवळ चित्र पाहून नोटिसा काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. आमच्या खेड्यांनी यातून काढलेली वाट शहरांनी डोळे उघडून पाहावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत, उड्डाण होण्यापूर्वी गावठाणातील मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जात. आधी माणसे आपापल्या हद्दीवर उभी राहिली, मग यंत्र उडाले आणि त्यानंतर नकाशा हरकतींसाठी लोकांपुढे आला. आधी पाया आणि मग कळस, असा हा शहाणा क्रम होता. खेड्यातील गावकऱ्याला जो मान मिळाला, तो शहरातील करदात्याला आणि झोपडीवासीयाला का मिळू नये?

यावर एक ठरावीक प्रश्न विचारला जाईल, तो असा: ज्याने काही लपवलेले नाही, त्याने वरच्या डोळ्याला का भ्यावे? प्रश्न ठीक आहे; मात्र तो प्रथम पालिकेलाच विचारू या. आपल्या उड्डाणांत लपवण्यासारखे काही नसेल, तर उड्डाणांची वही लोकांपुढे ठेवण्यास आपण का भ्यावे? नागरिकाची गच्ची उघडी आणि पालिकेचे दप्तर बंद, हा न्याय लोकशाहीतला नव्हे.

म्हणून प्रत्येक नगरशासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. ड्रोनविषयीचे धोरण प्रशासनाने एखाद्या परिपत्रकाने ठरवू नये. ते निवडून आलेल्या सभागृहात चर्चा होऊन संमत व्हावे. राज्यातील बहुतेक महानगरपालिकांचा कारभार २०२२पासून दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला. सभागृह नसले म्हणजे प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही, हा धडा आपण पुरेशी किंमत देऊन शिकलो आहोत. दुसरे असे की, प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, मार्ग, मागणी करणारे खाते आणि उड्डाणापूर्वी नोंदवलेले कारण पालिकेच्या सार्वजनिक नकाशावर आपोआप प्रसिद्ध व्हावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातील चौथे कलम मागितल्यावाचून माहिती देण्याचे कर्तव्य सांगते. त्याचा याहून सोपा उपयोग दुसरा नसेल. तपासासाठी जे खरोखर झाकणे अवश्य आहे, ते ठरावीक मुदतीपर्यंत झाकावे. पण उड्डाण झाले, हेच झाकू नये.

तिसरी गोष्ट, नाल्यासाठी घेतलेले चित्र नाल्यासाठीच वापरावे. त्यावरून कोणावर कर किंवा हातोडा चालवावयाचा असेल, तर जागेवर पाहणी आणि संबंधिताची सुनावणी झाल्यावाचून ते करू नये. कामापुरते झाल्यावर माणसांचे चेहरे आणि घरांची अंगणे दाखवणारी मूळ चित्रे ठरल्या मुदतीत नष्ट करावीत. आणि शेवटचे, पण व्यवहारात सर्वांत मोलाचे: चित्रे, नकाशे आणि उड्डाणांच्या नोंदी यांची मालकी कंत्राटदाराची नव्हे, पालिकेची असली पाहिजे, आणि ती माहिती कोणत्याही प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात तिच्या ताब्यात असली पाहिजे. अन्यथा कंत्राट संपताच शहराचा नकाशा ठेकेदाराच्या खिशात जाईल आणि स्वतःच्याच गल्ल्या पाहण्यासाठी पालिकेला त्याच्या दारी उभे राहावे लागेल.

यांतील एकाही मागणीने नाल्याची पाहणी एका दिवसाने लांबणार नाही किंवा आगीवर पोहोचणारे यंत्र एका क्षणाने अडणार नाही. खर्चाची सबबही येथे टिकत नाही, कारण नोंद करणारी प्रणाली विकत घेतलेलीच असते. हवी आहे ती फक्त वही उघडण्याची इच्छा. शहराच्या डोक्यावर डोळा ठेवावयाचा तर खुशाल ठेवावा. पण तो कोणाचा आहे आणि काय पाहतो आहे, हे विचारण्याचा दारातला जुना हक्क नागरिकाला परत दिल्यावरच तो ठेवावा.