कॅमेरा गाडीत, पण कुणासाठी?

ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी चालवायला आलेला माणूस हल्ली ब्रेकबद्दल विचारत नाही, टायरबद्दल विचारत नाही. "कॅमेरा कुठे लावू?" हा त्याचा पहिला प्रश्न. कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ लगुना सेका नावाचा ट्रॅक आहे. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी तिथे नव्या मंडळींच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवायचं काम करतो. या एका प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन माझं ठाम मत झालंय, ते एकदा लिहूनच टाकतो.

(पुण्या-सांगलीच्या नातेवाईकांसाठी खुलासा: ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आपलीच गाडी, डोक्याला हेल्मेट, शेजारी शिकवणारा आणि समोरून कुणीही येणार नाही असा रस्ता. नंबर नाही, बक्षीस नाही. पुढच्याने खिडकीतून हात काढून इशारा केल्याशिवाय ओव्हरटेकसुद्धा करायचं नाही. आपल्या एक्स्प्रेसवेपेक्षा शिस्त कितीतरी जास्त. आई, हे वाचून तरी काळजी कमी कर.)

तर माझं मत असं. कॅमेरा जरूर लावा, पण पहिल्या चार-पाच वेळा नको. लावाल तेव्हा गाडीच्या आत लावा, आणि सीट जितकी पक्की बसवलेली असते तितका पक्का. आणि त्याचं तोंड असं ठेवा की रस्त्याबरोबर तुमचे हातही दिसतील.

आधी पक्केपणाबद्दल. कॅमेरा जेमतेम दीडशे ग्रॅमचा, तो काय करणार, असं सगळ्यांना वाटतं. पण गाडी ताशी १०० किलोमीटरने जाताना भिंतीवर आदळली, तर गाडी थांबते, सुटलेला कॅमेरा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग म्हणजे तेराव्या मजल्यावरून खाली टाकलेल्या वस्तूचा जमिनीवर पोचतानाचा वेग. तेराव्या मजल्यावरून पडलेला कॅमेरा डोक्यात घ्यायची तयारी असेल तर खुशाल काचेला रबरी सक्शन कप चिकटवा. उन्हात काच तापते, कपाखाली धुळीचा एक कण राहतो, हळूहळू हवा शिरते, आणि तो नेमका जोरात ब्रेक मारतानाच सुटतो. त्यामुळे बरेच आयोजक कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि हेल्मेटवर कॅमेरा तर कित्येक ठिकाणी चालतच नाही. तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, बाबा रे, शेजारच्या सीटवर मी बसलोय.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे दोन सीटच्या मधोमध, थोडी मागे. गाडीत रोल बार असेल तर त्याला धातूचा क्लॅम्प. नसेल तर शेजारच्या सीटच्या हेडरेस्टचे जे दोन दांडे असतात, त्यांना आडवी पट्टी लावून तिच्यावर कॅमेरा. तिथून रस्ता दिसतो, स्टिअरिंग दिसतं, हात दिसतात. एक्सपोजर बाहेरच्या उजेडावर बांधून टाका, नाहीतर कॅमेरा आतला काळा डॅशबोर्ड बघून फसतो आणि रस्ता पांढराफटक होतो. आणि तो इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बंद करा. गाडी वळली की त्याला वाटतं हात हलला, मग तो चित्र उलट सरकवतो आणि अख्खी गाडी होडीसारखी डोलताना दिसते.

आता हातच का? कारण माणूस खोटं बोलत नाही, पण त्याची आठवण बोलते. वेगात असताना मेंदू इतका कामात असतो की पाय काय करतोय याची नोंद तो नीट ठेवत नाही. शिकणारा मला छातीठोकपणे सांगतो, "त्या वळणावर मी पाय काढलाच नाही." मग आम्ही फिल्म लावतो. चित्र बघू नको, डोळे मिट आणि ऐक, असं मी म्हणतो. इंजिनाचा आवाज वळणाच्या तोंडाशी अर्धा सेकंद खाली येतो आणि पुन्हा चढतो. पाय काढला होता! यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भीती वाटली की पाय आपोआप उठतो. पण कुठे उठतो हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हातांचंही तसंच. एका वळणात स्टिअरिंग एकदाच फिरवून स्थिर धरायला हवं, तिथे चार छोट्या दुरुस्त्या दिसतात. शेजारी बसून मी दहा वेळा सांगितलं तरी पटत नाही, ते फिल्म एकदा दाखवते. घरी शांतपणे चहा पीत बघण्यासारखा याच्याइतका चांगला शिक्षक नाही (माझ्यासकट).

पण या शिक्षकाला काही गोष्टी दिसतच नाहीत. लगुना सेकाला कॉर्कस्क्रू नावाचं जोडवळण आहे. तिथे सुमारे १३७ मीटर अंतरात रस्ता १८ मीटर खाली उतरतो, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. वर पोचेपर्यंत पुढचा रस्ताच दिसत नाही, नुसतं आकाश आणि झाडं. पोटात खड्डा पडतो म्हणजे काय ते तिथे कळतं. आणि फिल्ममध्ये? वाइड अँगल लेन्समुळे सगळं सपाट. आमच्या हिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "एवढंच?" म्हणून फिल्म बघून कुणी ट्रॅक पाठ केला असेल तर मी त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवत नाही.

तसा हा सोस आजचा नाही. १९७० च्या ल मॉन्स शर्यतीत स्टीव्ह मॅक्वीनच्या सिनेमासाठी एक पोर्शे ९०८ कॅमेरे लादून चक्क शर्यतीत पळवली होती. रिळं बदलायला तिला सारखं पिटमध्ये यावं लागे. १९८५ मध्ये न्युरबर्गरिंगला जर्मन ग्रां प्रीमध्ये रेनॉने कॅमेरा लावलेली तिसरी गाडी उतरवली, ती शर्यत पुरी करू शकली नाही. त्या गाड्या कॅमेऱ्यासाठीच आल्या होत्या, आणि ते उघड होतं.

मला काळजी आहे ती उघड नसलेल्या प्रकाराची. क्लोद ललूशची १९७६ ची पॅरिसमधली ती प्रसिद्ध फिल्म बघा. पहाटेचं शहर, सिग्नल तोडत भन्नाट धावणारी गाडी, फेरारीचा आवाज. गाडी होती मर्सिडीज, आणि फेरारीचा आवाज नंतर चिकटवलेला, हे खुद्द ललूशनेच सांगितलं. सिनेमा म्हणून ठीक आहे. पण फिल्म दुसऱ्यांना दाखवायची ठरली की आपणही ललूश होतो. हळू गेलेले लॅप कापून टाकतो. पुढच्या वेळी कापावं लागू नये म्हणून पाय जरा जास्त दाबतो. लाल दिवा लागलेला आहे हे डोक्यातून जातच नाही. पिटमधून बाहेर पडताना आरशात बघायचं सोडून कॅमेऱ्याचं बटण चाचपणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या चार-पाच वेळा कॅमेरा नको म्हणतो तो याचसाठी. आधी ट्रॅक आणि तुम्ही यांची ओळख होऊ दे, तिसरा माणूस नंतर.

आणखी एक. तुमच्या फिल्ममध्ये कधी दुसऱ्याचा अपघात येईल. ती फिल्म त्याची आहे, तुमची नाही. त्याला द्या, आयोजकांना द्या, त्यातून खरंच काही शिकता येतं. पण त्याच्या बायकोला फोन जायच्या आत ती जगाने बघितलेली असू नये. हा नियम कुठे लिहिलेला असो वा नसो, मी पाळतो.

असो. हे सगळं लिहायला कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. पुण्याहून कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला निघालेत, २ किलोमीटरहून थोडा मोठा ट्रॅक, शिकायला छान. "मामा, येताना कॅमेरा आण" असा निरोप आलाय. कॅमेरा येईल रे, पण पुढच्या खेपेला. या खेपेला मी चांगलं हेल्मेट आणतोय, आणि ताई, ते तू स्वतः त्याच्या डोक्यावर बसवून बघ.